खोकल्यातलं रक्त आणि चौदा वर्षांपूर्वीचा टीबी

‘डॉक्टर ताई, मी कळव्याला राहते, वय ३३. रबाळ्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. गेल्या दहा दिवसांत दोनदा खोकल्यातून रक्त पडलं. पहिल्यांदा बेडक्यात नुसती लाल रेघ होती. परवा सकाळी ठाण्याहून पनवेल लोकल पकडली, ऐरोलीच्या आधी खोकल्याची उबळ आली आणि रुमाल लाल झाला. दोन चमचे तरी असेल. ताप नाही. सकाळी कफ पडतो, पण तो मला कित्येक वर्षं आहे. पावसाळ्यात वाढतो, मेडिकलमधून गोळ्या आणते, बसतो. आता खरं सांगते. १९ व्या वर्षी मला टीबी झाला होता. माहेरी कराडजवळ सहा महिने, आठवड्यातून तीनदा केंद्रावर जाऊन गोळ्या घेतल्या. कोर्स पूर्ण केला. लग्नाच्या वेळी आईनं शपथ घातली, सासरी कधी तोंडातून काढू नकोस. आठ वर्षं झाली, नवऱ्यालाही माहीत नाही. पाच वर्षांची मुलगी आहे, माझ्याच कुशीत झोपते. सासूबाई अडुळशाचा काढा देतात, त्यांना वाटतं उष्णता झालीय. टीबी परत आला का? की कॅन्सर? घरी कळू न देता तपासणी कुठे करता येईल?’

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करतेय, चालवून घे.

पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुला दोन ओळी पाठवल्या होत्या, की आजच दवाखान्यात जा. तुझं उत्तर आलं, ‘शनिवारी अर्धा दिवस असतो, तेव्हा जाते.’ शनिवार लांब आहे गं. नुसती रेघ असती तर एखाद-दोन दिवस इकडेतिकडे मी चालवून घेतले असते. दोन चमचे ताजं लाल रक्त, तेही दहा दिवसांत दुसऱ्यांदा आणि पहिल्यापेक्षा जास्त, याला मी थांबायला सांगणार नाही. छातीतलं थोडं रक्त ही कधीकधी मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ वर्दी असते. उद्या कंपनीत फोन कर, रजा टाक आणि जा. कळव्यात महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

एक गोष्ट नीट समजून घे, म्हणजे मी घाई का करतेय ते कळेल. खोकल्यातून रक्त पडून माणूस दगावतो तो अंगातलं रक्त संपल्यामुळे क्वचितच. रक्त श्वासनळ्यांत साचतं आणि श्वास कोंडतो. नाकातोंडापासून आतल्या बारीक नळ्यांपर्यंत हवेची जी वाट आहे, तिच्यात मोठ्या माणसालाही साधारण १५० मिलिलिटर एवढीच जागा असते. टपरीवरचे दोन कटिंग म्हणजे तेवढं झालं. म्हणून पुन्हा रक्त आलं आणि थांबेना, कपभर होतंय असं वाटलं, धाप लागली, ओठ निळसर दिसले, घेरी आली, छातीत कळ मारली, तर ओपीडीच्या वेळेची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बसून पुढे झुकायचं, रक्त गिळायचं नाही, थुंकायचं. रक्त कोणत्या बाजूच्या फुप्फुसातून येतंय ते आधीच ठाऊक असेल, तर ती बाजू खाली करून कुशीवर पडायचं, म्हणजे चांगल्या फुप्फुसात रक्त उतरत नाही. ट्रेनमध्ये असशील तर पुढच्या स्टेशनवर उतर आणि कोणालातरी सांग. गर्दीत रुमाल मुठीत लपवून उभी राहू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. डॉक्टर पहिल्यांदा हेच बघतील की रक्त खरोखर छातीतून येतंय का. घोळणा फुटलेला असताना रक्त नाकामागून घशात उतरतं आणि खाकरल्यावर बाहेर येतं. हिरडीतून येणारं रक्त थुंकीत मिसळतं, खोकला नसतानाही दिसतं. जठरातलं रक्त उलटीतून येतं, बहुतेक वेळा काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं, सोबत अन्नाचे कण. छातीतलं रक्त खोकल्याबरोबर येतं, लालभडक, फेसाळ, कफात मिसळलेलं. तू उबळ लिहिली आहेस, लाल रंग लिहिला आहेस. त्यावरून ते छातीतलं वाटतंय. पण घसा आणि नाक तपासून घ्यायला दोन मिनिटं लागतात, ती त्यांना देऊ दे.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. सकाळचा कफ ‘कित्येक वर्षं आहे’. तू ते जाता जाता लिहिलंस, प्रकृतीच तशी असल्यासारखं. मला वाटतं, खरी गोष्ट तिथे असू शकेल.

टीबी बरा होतो म्हणजे जंतू मरतात. त्यांनी फुप्फुसात जी मोडतोड केलेली असते ती मात्र काही जणांत राहून जाते. कुठे व्रण राहतो, कुठे पोकळी राहते, कुठे श्वासनळ्यांच्या भिंती सैल पडून त्या कायमच्या फुगून राहतात. अशा फुगलेल्या नळीतून कफ वर चढत नाही. तो साचतो, रात्रभर साचून सकाळी पडतो, पावसाळ्यात जंतुसंसर्ग झाला की वाढतो. याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. तुझं वर्णन त्याच्याशी जुळतं, इतकंच मी इथून म्हणू शकते, निदान सीटी स्कॅननंतरच होईल.

रक्ताचं कारणही तिथेच. फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी येतं. एक मोठी वाट हृदयाच्या उजव्या बाजूकडून, कमी दाबाची. दुसरी लहान, महाधमनीतून निघणाऱ्या ब्रॉन्कियल धमन्यांची. रक्त थोडं, पण दाब सगळ्या अंगात असतो तेवढा. एखाद्या जागी वर्षानुवर्षं सूज राहिली की या लहान धमन्या जाड, वेड्यावाकड्या होतात. मग जोराची उबळ येते, नाहीतर संसर्ग होतो, आणि त्यातली एखादी फुटते. छातीतून मोठा रक्तस्राव होतो तो बहुतेक वेळा याच धमन्यांतून. म्हणजे टीबीचा एकही जिवंत जंतू अंगात नसताना जुना टीबी झालेल्या माणसाला रक्त पडू शकतं. हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे, तरी लोकांना ठाऊक नाही. रक्त दिसलं की घरादाराला एकच शब्द आठवतो.

जुन्या पोकळीत आणखी एक पाहुणा येऊन बसतो. हवेतल्या बुरशीचे कण आपण सगळेच श्वासातून घेतो, ते पोकळीत रुजतात आणि बुरशीचा गोळा तयार होतो. सीटी स्कॅनमध्ये तो पोकळीत मोकळा पडलेला दिसतो, रुग्णानं कूस बदलली की तोही सरकतो. यानं रक्त पडतं, कधी भरपूर.

आणि हो, टीबी परतही आलेला असू शकतो. कोर्स पूर्ण करूनही काहींना होतो. जुना जंतू जागा होतो किंवा नव्यानं लागण होते, आणि आपल्या लोकलच्या डब्यात नव्या लागणीला काही कमी संधी नाही. ताप नाही, म्हणून टीबी नाही असं धरून चालता येणार नाही. वजन उतरलंय का, रात्री घामानं गाऊन भिजतो का, भूक मेलीय का, ते आठवून ठेव.

कॅन्सरचं विचारलंस. तुझ्या वयात, तंबाखू-विडीची सवय नसताना, तो यादीत खूप खाली येतो. तरी सीटी स्कॅन होणारच आहे, त्यात ते पाहिलं जाईल. तुझ्या जागी पन्नाशीचा विडी ओढणारा माणूस असता, तर कॅन्सर मी वरच्या दोन-तीन कारणांत धरला असता.

बाकीची कारणं चटकन सांगते, डॉक्टरांनी विचारलं तर गोंधळायला नको. न्यूमोनिया आणि साधा ब्रॉन्कायटिसही रक्ताची रेघ दाखवतात. पायाच्या शिरेतली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात अडकली तर अचानक धाप, छातीत कळ आणि रक्त. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, एक पाय सुजला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर हे आवर्जून सांग. लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल तर हृदयाची झडप आकसलेली असू शकते. अशा बायकांना स्टेशनचा पूल चढताना आधी दम लागतो, मग कधीतरी रक्त पडतं. गुलाबी फेस आला तर हृदयाकडेच बघायचं. पावसाळ्यात पाणी तुंबल्यावर लेप्टोस्पायरोसिस होतो, त्यात ताप, अंगदुखी आणि फुप्फुसात रक्तस्राव. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, प्लेटलेट कमी होणं, हीही कारणं. आणि एक विरळा, पण बाईला विचारायलाच हवं असं: रक्त पडलं ते दिवस पाळीशी जुळतात का? गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक फुप्फुसात असलं तर दर पाळीला रक्त पडू शकतं. पुरुष डॉक्टर असतील तर कधीकधी विचारायचं राहून जातं, तू आपणहून तारखा सांग.

तपासणीची सुरुवात छातीच्या एक्स-रेनं, रक्ताच्या चाचण्यांनी आणि बेडक्याच्या तपासणीनं होते. दिवस गेल्याची जराही शंका असेल तर एक्स-रेआधीच सांगायचं. बेडका दोनदा देतात, त्यातला एक सकाळी उठल्या उठल्याचा. साध्या पाण्यानं चूळ भर, मग खोल श्वास घेऊन छातीतून काढ. लाळ दिलीस तर तपासणी वाया जाते. डबीचं झाकण घट्ट लाव. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या चाचणीत काही तासांत टीबीचा जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का, दोन्ही कळतं. पुढे सीटी स्कॅन, आणि गरज पडली तर दुर्बीण घालून श्वासनळी बघणं, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपी.

आता तुझ्या शपथेची गाठ इथे कशी पडते ते बघ. समज, तू डॉक्टरांना जुना टीबी सांगितला नाहीस. एक्स-रेमध्ये वरच्या भागात डाग दिसला. त्यांच्या दृष्टीनं चित्र स्पष्ट: तरुण बाई, खोकला, रक्त, डाग. बेडक्यात काही सापडलं नाही तरी टीबीची औषधं चालू होऊ शकतात, आणि तो डाग प्रत्यक्षात चौदा वर्षांपूर्वीचा व्रण असू शकतो. सहा महिने यकृताला ताण देणाऱ्या गोळ्या विनाकारण, आणि रक्त पडायचं खरं कारण तसंच. असं झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. याच्या उलटही होतं. पूर्वी औषधं घेतलेल्या माणसाचा टीबी परतला तर तो औषधांना न जुमानणारा असण्याचा धोका जास्त असतो, म्हणून त्याची तपासणी जास्त काटेकोर करतात. त्यात आणखी एक मेख आहे. सीबीनॅट जंतूचे अंश शोधतं, आणि पूर्वी उपचार झालेल्यांत मेलेल्या जंतूंच्या अंशांमुळेही ते कधी पॉझिटिव्ह येतं. चौदा वर्षांनंतर ती शक्यता कमी, पण इतिहास ठाऊक असलेला डॉक्टरच तो अहवाल तोलून बघेल आणि कल्चर लावेल. जिवंत जंतू वाढतो का ते कल्चरमध्ये कळतं, निगेटिव्ह म्हणायला सहा आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

म्हणून आईनं घातलेली शपथ सासरपुरती ठेव हवी तर. दवाखान्याच्या दारात ती सोडून आत जा. पहिल्या मिनिटाला सांग: ‘१९ व्या वर्षी फुप्फुसाचा टीबी, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण, तेव्हापासून सकाळी कफ.’ बोलवत नसेल तर कागदावर लिहून पुढे कर. आणि तपासायला जाताना नवरा किंवा सासूबाई सोबत असतील, तर ‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ असं डॉक्टरांना म्हणायचा तुला हक्क आहे.

मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची पाकिटं असतील तर घेऊन जा, नसतील तर नावं आठव. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या टीबीवरही काम करतात. चार दिवस घेतल्या की टीबी थोडा दबतो, तपासणीत लपतो आणि नंतर डोकं वर काढतो. आता डॉक्टर बघेपर्यंत स्वतःच्या मनानं कोणतीही अँटिबायोटिक नको, खोकला दाबणारं कोडीनचं सिरपही नको, कारण रक्त बाहेर पडणंच आत्ता गरजेचं आहे. अंग दुखलं तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको.

सासूबाईंच्या काढ्याबद्दल मला वाईट बोलवत नाही. त्या मायेनं देतात. आणि अडुळसा काही खोटं औषध नाही. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्याच वासिसिनवरून बनवलं गेलं. पण फुटलेली धमनी काढ्यानं बांधली जात नाही. ‘उष्णता झाली’ म्हणत गेलेले दिवस मला परत आणून देता येत नाहीत, म्हणून सांगते.

निदानानंतर काय, याचीही धास्ती असेलच. ब्रॉन्किएक्टेसिस निघाला तर कफ रोज मोकळा करण्याचे व्यायाम शिकवतात, संसर्गावर वेळीच औषध, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी. रक्त थांबवायला गोळ्या-इंजेक्शनं आहेत. तरी थांबलं नाही तर जांघेतून बारीक नळी नेऊन फुटलेली ब्रॉन्कियल धमनी आतूनच बंद करतात, एम्बोलायझेशन म्हणतात त्याला, छाती उघडावी लागत नाही. काहींना महिन्या-वर्षांनी पुन्हा करावं लागतं, हेही खरं. बुरशीचा गोळा असेल तर कधी शस्त्रक्रियेचा विचार होतो.

टीबीच निघाला तर तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. आता गोळ्या रोज घ्यायच्या असतात, तुझ्या वेळची आठवड्यातून तीनदाची पद्धत गेली. पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात जमा होतात, पूर्वी ५०० होते. शंका असेल तर टीबीसाठी सरकारची ‘निक्षय’ ही मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६. औषध लागू पडलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागण करण्याचा धोका खूप कमी होतो. अहवाल येईपर्यंत मात्र मास्क लाव, खिडक्या उघड्या ठेव आणि लेकीला काही दिवस आजीजवळ झोपव. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही.

घरी कळू न देता होईल का, याचं उत्तर सरळ देते. पहिली तपासणी होईल. डॉक्टर तुझ्या परवानगीशिवाय सासरी सांगत नाहीत. पण टीबी ठरला तर २०१२ पासून त्याची नोंद सरकारकडे करावी लागते, आरोग्य कर्मचारी घरी येऊ शकतात, आणि मुख्य म्हणजे लेकीची आणि घरातल्यांची तपासणी करून त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं की नाही ते ठरवावं लागतं. तिथे गुपित टिकणार नाही, आणि टिकवूही नये. पाच वर्षांच्या पोरीचा प्रश्न आहे.

म्हणून माझं मत असं, की नवऱ्याला आजच सांग. किमान रक्ताचं तरी. रुमाल दाखव. टीबीचं सांगायला जीभ वळत नसेल तर अहवाल येईपर्यंत तेवढं ठेव, डॉक्टरांसमोर त्याला बसवून तिथेच सांगता येतं. डॉक्टरांनी ‘ही बरी झाली होती’ असं म्हटलेलं ऐकलं की त्या शब्दाचा वचक कमी होतो. तो चिडेल, आठ वर्षं लपवलंस म्हणून दुखावेल, तसं झालं तर त्याला दुखावू दे. मी त्याला ओळखत नाही, त्याच्या वतीनं तुला वचन देऊ शकत नाही. पण रात्री दोन वाजता रक्त आलं, तर १०८ ला फोन करणारा माणूस तोच असणार आहे.

आईवर राग धरू नकोस. तिनं जे पाहिलं होतं त्यातून ती बोलली. माझ्या आजीला एक धाकटा भाऊ होता आणि तो क्षयानं गेला, हे मला डॉक्टर झाल्यावर कळलं. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तुझ्या कळव्याहून लोकलनं थोडंच पुढे कल्याण आहे, तिथे १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, २२ वर्षं पुरी व्हायच्या आधी, क्षयानं गेल्या. जर्मन डॉक्टर कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून पाच वर्षं झाली होती, पण त्याला मारणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडलं. डॉक्टर असूनही त्यांच्या हाती काही नव्हतं. तुझ्या हाती सहा महिन्यांच्या गोळ्या होत्या, तू त्या एकोणिसाव्या वर्षी न चुकवता घेतल्यास. यात लाज वाटावी असं काय आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

एक काम आईकडे दे. त्या वेळचा एक्स-रे आणि उपचाराचं कार्ड तिनं ठेवलंय का, विचार. लपवलेल्या गोष्टी आया फेकून देत नाहीत, बहुधा ट्रंकेच्या तळाशी असेल. जुना एक्स-रे शेजारी धरला की आजचा डाग नवा की जुना, ते डॉक्टरांना कळायला खूप मदत होते. त्यासाठी दवाखाना मात्र अडवून धरू नकोस. उद्या तू जा, एक्स-रे मागून येऊ दे. आईला आज रात्रीच फोन कर. फिल्म पुठ्ठ्यात घालून ठाण्याला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती दे म्हणावं, आणि दुमडू नको म्हणावं.